दोर कोणाचा?

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा बोनस, ग्रॅच्युइटी किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी आम्ही सांगू अशी त्यांची समजूत असावी. तीस वर्षे कामगार चळवळीत घालविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोण करणार? आम्ही ‘डोंगरावरची सहल आणि ई-मेल लिहिण्याची रीत’ असा विषय कळविला. त्यावर चिटणीसांचा फोन आला, “अहो, हे दोन विषय झाले, आणि तुमच्या वाट्याला दिवस एकच आहे!” आम्ही त्यांना सांगितले की विषय एकच आहे, मात्र तो एक कसा, हे सांगायला एक संध्याकाळ पुरेल की नाही याची शंका आहे. त्या संध्याकाळी जे बोललो आणि वेळेअभावी जे राहिले, ते मिळून हा लेख झाला आहे.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट. २०१७ सालच्या डिसेंबरात आम्ही नऊ मित्र सह्याद्रीतला एक कडा चढून जायला निघालो. दोन फिटर, एक क्रेनचालक, एक शाळामास्तर, एक बँकेतला कारकून, बाकीचे युनियनचे कार्यकर्ते. सगळे चाळिशी ओलांडलेले, पण सहलीला निघाले की पोरांसारखे वागणारे. पायथ्याच्या गावातले एक मामा वाटाड्या म्हणून बरोबर होते. वय साठीच्या घरात, पायांत साधी चप्पल, हातात कोयता. उतरताना एका घसाऱ्यावर आमच्या एका मित्राचा पाय सुटला. तो वीसएक फूट खाली गेला आणि कारवीच्या गचपणात अडकला म्हणून वाचला. घोट्याचे हाड मोडले होते. मामांनी दोन काठ्या आणि स्वतःची घोंगडी यांची डोली केली, गावातून आणखी चार गडी हाकारून आणले आणि अंधार पडता पडता त्याला खाली उतरविले.

रात्री दीड वाजता इस्पितळाच्या वऱ्हांड्यात बसून आम्ही मोबाईलवरून एक ई-मेल लिहिली. जखमी मित्राच्या घरचे, युनियनचे सभासद, गिर्यारोहणाच्या दोन मंडळांचे लोक, शाळेच्या सहली नेणारे काही शिक्षक, मिळून छेचाळीस पत्ते. तीत एक वाक्य असे होते: “स्थानिक वाटाड्याने आवश्यक तो दोर बरोबर घेतला नव्हता व पुरेशी दक्षता बाळगली नाही.” लिहिताना आम्हाला काहीच वाटले नाही. वास्तविक असल्या वाक्यांशी भांडण्यातच आमचा जन्म गेला. मशीनवर अपघात झाला की दुसऱ्या दिवशी कामगाराच्या हातात जे आरोपपत्र पडते, त्यात नेमके हेच शब्द असतात: ‘पुरेशी दक्षता बाळगली नाही.’ ते आमच्या बोटांतून इतके सहज कसे उतरले?

आठ दिवसांनी काय उघडकीस आले ते पुढे येईल. त्यानंतरच्या पावसाळ्यात आम्ही डोंगरावरच्या अपघातांचा इतिहास वाचायला घेतला. दहावीनंतर आमची शाळा म्हणजे गावातले वाचनालय. तिथल्या ग्रंथपालांनी इंग्रजी पुस्तके मागवून दिली, आणि शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही ती रेटीत नेली. त्यात आम्हाला आमचाच अपघात सापडला. तो १८६५ साली घडला होता आणि त्यात चार माणसे मेली होती.

तो अपघात सांगण्यापूर्वी वाटाड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण गिर्यारोहणाच्या पुस्तकांत शिखरे पुष्कळ आणि मजुरी थोडी असते. आल्प्स पर्वतावर हौसेने चढणारे लोक पैसेवाले, बहुधा इंग्रज. त्यांना वर नेणारे मात्र शामोनी, झेरमाट अशा गावांतले शेतकरी, मेंढपाळ आणि शिकारी. १८२० सालच्या ऑगस्टात डॉ. हामेल नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ माँ ब्लाँवर निघाला. हवा बिघडली होती, वाटाडे माघारी फिरू म्हणत होते. डॉक्टरसाहेबांनी ऐकले नाही. बर्फाचा लोट कोसळला आणि तीन वाटाडे त्यात गेले. साहेब वाचले. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली. काम पाळीपाळीने सर्वांना मिळावे आणि डोंगरावर मेलेल्या वा जायबंदी झालेल्या माणसाच्या घरी मदत जावी, म्हणून फंड. हे वाचून आम्हाला आमच्या माथाडी टोळ्या आठवल्या. आमच्याकडे माथाडी कायदा १९६९ साली झाला. तीन माणसे मेल्यावर शामोनीकरांना जे सुचले, ते सगळीकडच्या कष्टकऱ्यांना केव्हा ना केव्हा सुचतेच. मात्र बहुधा माणसे मेल्यावरच.

आता १८६५ साल. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर मॅटरहॉर्न हे ४४७८ मीटर उंचीचे शिखर उभे आहे. आल्प्समधली बहुतेक मोठी शिखरे तोवर सर झाली होती. हे राहिले होते. एडवर्ड विंपर हा पंचवीस वर्षांचा लंडनचा तरुण गेली काही वर्षे त्याच्यामागे लागला होता. विंपर सरदार नव्हे. तो लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर, वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी केलेला. १८६० साली एका प्रकाशकाने डोंगरांची चित्रे काढायला म्हणून त्याला आल्प्समध्ये धाडले आणि तो डोंगरांचाच झाला. त्याच्याविषयी आम्हाला आपुलकी वाटते हे कबूल केले पाहिजे. पुढे आम्ही त्याला दोष देणार आहोत, म्हणून हे आधी सांगितले.

इटलीच्या बाजूला झां-आंत्वान कारेल नावाचा एक वाटाड्या होता, पूर्वी सैन्यात शिपाई म्हणून लढलेला. विंपर आणि तो, दोघांनी मिळून मॅटरहॉर्नवर पूर्वी प्रयत्न केले होते. त्या जुलैत विंपर पुन्हा त्याला घ्यायला आला, तेव्हा कारेल म्हणाला की आपण एका बड्या घराण्याबरोबर जायचे कबूल केले आहे. अकरा तारखेला विंपरला कळले की ते बडे घराणे म्हणजे इटालियन गिर्यारोहकांची मोहीम असून कारेल तिच्यासाठी मॅटरहॉर्नच्या वाटेला लागलासुद्धा! विंपर चिडला. योगायोगाने त्याला अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस भेटला. दोघे डोंगर ओलांडून घाईघाईने झेरमाटला आले. तिथे रेव्हरंड चार्ल्स हडसन हा नामांकित गिर्यारोहक त्याच शिखरासाठी आलेला. त्याच्याबरोबर डग्लस हॅडो हा एकोणीस वर्षांचा नवखा मुलगा आणि शामोनीचा मिशेल क्रो हा उत्तम वाटाड्या. हॅडोला हे झेपेल का, असे विंपरने विचारले. त्याने माँ ब्लाँ बऱ्याच जणांपेक्षा लवकर केला आहे, असे हडसनने सांगितले. संपले! एका संध्याकाळी, एका हॉटेलात, एकमेकांना धड न ओळखणारे चौघे ‘मित्र’ झाले. आजकाल व्हॉट्सॲपवर रात्री ठरून पहाटे निघणाऱ्या सहली आम्ही पाहतो. नवे त्यात काही नाही.

झेरमाटचे दोन वाटाडे त्यांनी बरोबर घेतले: पीटर ताउग्वाल्डर बाप आणि पीटर ताउग्वाल्डर मुलगा. सोयीसाठी आपण थोरला पीटर आणि धाकटा पीटर म्हणू. ते १३ जुलैच्या पहाटे निघाले, रात्र वाटेत तंबूत काढली आणि १४ जुलैला दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी शिखरावर पोचले. झेंडा नेला नव्हता. क्रोने तंबूचा खांब रोवला आणि स्वतःच्या अंगातला सदरा काढून त्याला बांधला. त्या शिखरावर फडकलेले पहिले निशाण एका वाटाड्याचा सदरा होता, ही गोष्ट आम्ही गेट मीटिंगमध्येही सांगतो.

इटलीच्या बाजूने कारेलची टोळी खाली दिसत होती. विंपर आणि क्रो यांनी त्यांचे लक्ष वेधावे म्हणून आरोळ्या दिल्या, दगड लोटले. कारेल माघारी फिरला.

आता या ठिकाणी पहिले पत्र येते. पायथ्याच्या ब्रय गावात फेलिचे जॉर्दानो हा खाणींचा एंजिनिअर इटालियन मोहिमेची व्यवस्था पाहात होता. त्याचे मित्र क्विंतिनो सेला हे तेव्हा इटलीचे अर्थमंत्री. जॉर्दानो त्यांना पत्रे लिहून सगळे कळवीत असे. अकराच्या पत्रात त्याने लिहिले की तो इंग्रज इथेच आहे, संशयाने सगळीकडे डोकावतो आहे, पण चांगले वाटाडे आपण आधीच उचलले आहेत. चौदा तारखेला दुपारी दोन वाजता त्याने दुर्बिणीतून शिखरावर माणसे पाहिली आणि आनंदाच्या भरात कळविले की कारेल वर पोचला, यश नक्की. दुसऱ्या दिवशी कारेल मान खाली घालून परत आला. मग जॉर्दानोला पंधरा तारखेचे पत्र लिहावे लागले, की कालचा दिवस वाईट गेला, शिखर विंपरने घेतले.

घाईच्या पत्राचा हा नमुना. आपण हसतो. पण पाहा, या घाईने कोणाचे काय बिघडले? पत्र एका माणसाला गेले होते, दुरुस्ती त्याच माणसाला गेली. चूक जेवढ्या कानांवर पडली तेवढ्याच कानांवर खरे पडले. हसे झाले ते लिहिणाऱ्याचेच, आणि तेही पुढे ती पत्रे छापली गेली तेव्हा. तिसऱ्याच कोणाच्या भाकरीवर माती पडली नाही.

इकडे शिखरावर उतरण्याची तयारी चालली होती. विंपर चित्र काढीत बसला होता. इतर जण दोर बांधून घेत होते. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आले की सर्वांची नावे कागदावर लिहून बाटलीत ठेवायची राहिली. ते काम विंपरकडे आले आणि बाकीचे पुढे निघाले. कोणी कोणता दोर कोणाला बांधला, हे पाहायला म्हणून मोहिमेचा जाणता म्होरक्या तिथे नव्हता. तो नावे लिहीत होता. युनियनच्या चिटणिसाला ही जागा वाचताना जरा बोचते. कागद पुरा करण्याच्या नादात शॉपमध्ये काय चालले आहे याकडे आमचेही कितीदा दुर्लक्ष झाले आहे!

बरोबर तीन प्रकारचे दोर होते. तिसरा सर्वांत कमकुवत. तो माणसे बांधण्यासाठी नव्हताच. खडकाला बांधून मागे सोडून यावा म्हणून विंपरनेच आणला होता. तोच थोरला पीटर आणि लॉर्ड डग्लस यांच्यामध्ये बांधला गेला, आणि अडीचशे फुटांहून अधिक चांगला दोर वापराविना राहिला. उतरण्याचा क्रम असा: पुढे क्रो, मग हॅडो, हडसन, डग्लस, थोरला पीटर, आणि मागाहून येऊन मिळालेले विंपर व धाकटा पीटर. हॅडो दमला होता; क्रो त्याचे पाय हातांनी धरून एकेका खाचेत बसवीत होता. पाठ वळवून क्रो पुढचे पाऊल टाकणार, तोच हॅडो घसरला आणि त्याच्या अंगावर आदळला. दोघांच्या ओढीने हडसन गेला, त्याच्यामागे डग्लस. वरच्या तिघांनी खडकाला कवटाळले. दोर ताणला गेला, आणि थोरला पीटर व डग्लस यांच्या मधोमध तुटला. सुमारे चार हजार फूट खाली हिमनदीवर ते चौघे पडले. डग्लसचा देह आजवर सापडलेला नाही.

आमच्या कारखान्यात क्रेनच्या प्रत्येक दोरावर तपासणीची तारीख टांगलेली असे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २९ होते, दोरसाखळ्यांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासणी झालीच पाहिजे म्हणून. दोर तुटला तर पहिला प्रश्न ‘कोणी बांधला’ हा नसतो. दोर कोणाचा आणि तपासला कोणी, हा असतो. झेरमाटला मात्र बोलबाला वेगळाच झाला. गावात कुजबुज उठली की थोरल्या पीटरने स्वतःचा जीव वाचवायला दोर कापला.

२१ जुलैपासून चौकशी झाली. अध्यक्ष जोसेफ आंटोन क्लेमेन्झ हे गावातल्या एका मोठ्या हॉटेलाचे मालक. आम्ही शेकडो खातेनिहाय चौकशांत कामगाराचा प्रतिनिधी म्हणून बसलो आहोत, त्यामुळे चौकशीच्या खुर्चीवर कोण बसले आहे हे आमचे डोळे आधी पाहतात. पाहुण्यांवर ज्याचा धंदा चालतो, त्याने पाहुण्यांच्या अपघाताचा निवाडा करायचा! निकाल कोणावर ठपका न ठेवणारा झाला, हे खरे. पण कामकाजाचे कागद बंद राहिले. थोरल्या पीटरला आपली बाजू मांडता यावी म्हणून विंपरने काही प्रश्न लेखी दिले होते. ही त्याची सज्जनता. त्यांची उत्तरे त्याला कधीच पाहायला मिळाली नाहीत. ती छापून बाहेर आली १९२० साली. त्यात थोरल्या पीटरचे साधे म्हणणे आहे, की दोर आपल्याला कमकुवत वाटला असता तर आपण तो आधीच बाजूला काढला असता. बोलणारा मरून तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती.

इंग्लंडात वर्तमानपत्रे खवळली. लंडनच्या टाइम्सने २७ जुलैच्या अग्रलेखात असल्या धाडसाला काही अर्थ आहे काय, हे योग्य तरी आहे काय, असे खडे सवाल टाकले. विंपर गप्प होता. अखेर त्याने एक लांब पत्र लिहिले आणि ते ८ ऑगस्टला टाइम्समध्ये छापून आले. घटना सरळ, नेमक्या, कुठेही आरडाओरड न करता सांगितलेल्या. गद्याचा नमुना म्हणून ते पत्र आजही वाचावे. पण त्यात एक जागा आहे. अपघातानंतर अर्धा तास ते दोन वाटाडे भीतीने गलितगात्र होऊन तान्ह्या मुलांसारखे रडत होते आणि थरथरत होते, असे त्यात लिहिले आहे. असतीलही. डोळ्यांसमोर चार माणसे गेल्यावर रडू येणे हा काही गुन्हा नव्हे. पण ज्याचे पोट ‘हा माणूस डोंगरावर डगमगत नाही’ या एका लौकिकावर चालते, त्याच्याविषयी हे वाक्य इंग्लंडातल्या प्रत्येक संभाव्य गिऱ्हाइकाच्या न्याहारीच्या टेबलावर जाऊन पडले. थोरला पीटर काही टाइम्स वाचीत नव्हता. त्यात उत्तर छापून आणण्याइतका त्याचा हात पोचतही नव्हता.

१८७१ साली विंपरचे पुस्तक आले. तिथे तो थोरल्या पीटरची बाजू घेतो: या माणसावर अन्यायाने आळ आला आहे, त्याचे शेजारी आणि सोबतीसुद्धा त्याने दोर कापला असे म्हणतात, पण तुटलेले टोक आपण पाहिले, ते कापलेले नव्हते. इथेच थांबला असता तर! पण पुढे तो विचारतो की इतका चांगला दोर असताना नेमका कमकुवत दोरच का बांधला गेला. हे संशयास्पद दिसते. एका हाताने पुसले आणि दुसऱ्या हाताने फासले. दोर आपण आणला होता, आपण म्होरके होतो आणि बांधताना आपण पाहिले नाही, एवढे एक वाक्य त्याच ठिकाणी, तेवढ्याच ठळकपणे असते, तर वाचणाऱ्याने तराजू वेगळा धरला असता. थोरला पीटर मनाने खचला. काही वर्षे अमेरिकेत जाऊन राहिला, परत आला आणि १८८८ साली मॅटरहॉर्नच्याच पायथ्याशी श्वार्झसे येथे वारला. तुटलेल्या दोराचा तुकडा झेरमाटच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे.

विंपर दुष्ट नव्हता, हे पुन्हा सांगतो. ज्या कारेलने त्याला चकवले, त्याच कारेलला पंधरा वर्षांनी त्याने दक्षिण अमेरिकेत नेले आणि १८८० च्या जानेवारीत दोघे मिळून चिंबोराझोवर चढले. कारेलशी त्याचे भांडण समोरासमोरचे होते, म्हणून ते मिटू शकले.

आता ई-मेलकडे येऊ. रे टॉमलिन्सन या अमेरिकन एंजिनिअरने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणारा संदेश पाठविला आणि पत्त्यात ते वेटोळ्याचे चिन्ह बसविले. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सॅली हॅम्ब्रिज या बाईंनी संगणकावरच्या पत्रव्यवहाराचे शिष्टाचार एकत्र करून प्रसिद्ध केले. त्यांतले काही कोणत्याही आजीने सांगावेत असे आहेत. उघड्या पोस्टकार्डावर जे लिहिणार नाही ते ई-मेलमध्ये लिहू नये. राग आला असेल तर उत्तर एक रात्र जाऊ देऊन पाठवावे. उत्तर देताना प्रती कोणाकोणाला जात आहेत ते पाहावे.

‘सीसी’ म्हणजे काय, असे आमच्या कचेरीतल्या तरुण कार्यकर्त्यांना विचारले तर ते म्हणतात, ‘सगळ्यांना’. मूळ अर्थ कार्बन कॉपी. कार्बन कागदाचे पेटंट इंग्लंडात १८०६ साली वेजवुड नावाच्या गृहस्थाने घेतले. आम्ही चळवळीत आलो तेव्हा युनियनच्या टाइपरायटरवर चार कागदांमध्ये तीन कार्बन घालून पत्र बडवावे लागे. चौथी प्रत इतकी पुसट येई की ती मिळणारा माणूस ती उजेडाकडे धरून वाची. त्यामुळे ‘प्रत माहितीसाठी’ या शब्दांपुढे कोणाचे नाव घालायचे याचा विचार आपोआप होई. मन फार मोठे होते म्हणून नव्हे. कागद महाग होता म्हणून. आता छेचाळीस प्रतींना एक प्रत पाठविण्याइतकेच कष्ट पडतात, आणि छेचाळिसावी प्रतही पहिलीइतकीच ठसठशीत असते.

एक रात्र थांबण्याचा सल्ला चांगलाच आहे. आम्ही तो पाळला असता तर बरे झाले असते. परंतु तो पुरेसा नाही, असे आमचे मत विंपर वाचून झाले. तो चांगला चोवीस रात्री थांबला होता! राग ओसरला होता, शब्द तोलले होते, तरी व्हायचे ते झाले. राहिले होते ते एवढेच, की ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते आधी कोणी वाचून दाखविले नाही. आमच्या जुन्या माणसांनी मायना, विनंती विशेष, लेखनसीमा असा जो पत्राचा डौल राखला, त्याला आम्ही तरुणपणी सरंजामी थाट म्हणून हसत असू. त्यात थोरामोठ्यांना मान देण्याचाच भाग अधिक, हे आजही म्हणू. पण ज्याला पत्र येत नाही आणि ज्याचे नाव मात्र पत्रात आहे, त्याच्यासाठी त्या डौलात काही जागा होती असे आम्हाला दिसत नाही. हॅम्ब्रिज बाईंच्या यादीतही ती फारशी नाही.

तर ते आठ दिवस. आम्ही सहलीसाठी जी मिनीबस ठरविली होती तिचा चालक नवव्या दिवशी युनियनच्या कचेरीत आला आणि टेबलावर एक पिशवी ठेवून म्हणाला, “साहेब, हे तुमचं मागच्या सीटखाली राहिलं होतं.” पिशवीत शंभर फूट दोर होता, नवा, गुंडाळीचा कागदही न काढलेला. मग एकेक आठवू लागले. पहाटे निघताना मामांनी विचारले होते, “दोर घेतलाय ना?” आणि आम्ही ‘हो’ म्हटले होते. वजन फार होते म्हणून काही पिशव्या गाडीतच ठेवा, असेही आम्हीच म्हटले होते. दरम्यान आमची ई-मेल दोन मंडळांतून आणखी कुठे कुठे गेली होती. मामांच्या घरी चढाईला येणाऱ्यांची जेवणे होत. पिठले, भाकरी, ठेचा. पुढच्या पंधरवड्यात आलेल्या तीन टोळ्या दुसऱ्या वाटाड्याला घेऊन गेल्या.

आम्ही दुसरी ई-मेल लिहिली. चांगली लांब. मामांचा प्रामाणिकपणा, आदिम निसर्गाशी त्यांचे नाते, आमची हळहळ, असे तीन परिच्छेद. या वेळी मात्र ती पाठविण्याआधी छापून घेतली आणि गावी गेलो. मामांकडे ई-मेल कुठली असणार! ओसरीवर बसून आम्ही त्यांना ती वाचून दाखविली. त्यांची सून चहाचे कप हातात घेऊन दारातच उभी राहिली. मामांनी सगळे ऐकून घेतले, चुन्याची डबी उघडली, पुन्हा मिटली.

“आधीचं कितीजणांला गेलं व्हतं?”

“छेचाळीस जणांना, मामा. पुढे आणखीही.”

“मग ह्ये बी तेवढ्यांला जाऊ द्या.” थोडे थांबून म्हणाले, “पर सायेब, ह्ये येवढं गोड नगं. दोर तुमचा व्हता, गाडीत ऱ्हायला, मी इचारलं व्हतं. येवढंच लिवा.”

आम्ही तिथेच ओसरीवर ते तीन परिच्छेद खोडले. खाली तीन ओळी लिहिल्या आणि त्यांना पुन्हा वाचून दाखविल्या. गावात रेंज येत नव्हती. टाकीजवळच्या टेकाडावर येते असे सुनेने सांगितले. मामा आमच्याबरोबर टेकाडापर्यंत आले आणि ई-मेल जाईपर्यंत शेजारी उभे राहिले.